शिंगराला रीतभात कोण शिकवतं? आमच्या तेजासाठी सल्ला हवाय

ऊसकरी_करवीर
रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही पन्हाळा रोडला, केर्लीच्या अलीकडं राहतो. ऊस, चार म्हशी आणि गेल्या दिवाळीपासून एक घोडा. अकलूजच्या बाजारातून आणला तेव्हा चार महिन्यांचं शिंगरू होतं. कुमैत रंग, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. पंचकल्याणी आहे म्हटल्यावर वडिलांनी दुसरं जनावर बघितलंच नाही. नाव ठेवलं तेजा.

तेजा वाढला म्हशींच्या गोठ्यात आणि आमच्या पोरांत. पोरं त्याच्या कपाळाला कपाळ लावून ढकलाढकली खेळायची, तो खिशातला गूळ हुडकायचा. सगळ्यांना मजा वाटायची. आता तो सव्वा वर्षाचा झालाय आणि तोच खेळ अंगलट आलाय. छातीनं माणसाला भिंतीपर्यंत रेटतो, खांद्याला चावतो, वैरण घेऊन गेलेल्या माणसाला आधी धडक आणि मग वैरणीला तोंड. मागच्या आठवड्यात मागच्या पायांवर उभा राहिला आणि पुढचे दोन्ही पाय वडिलांच्या खांद्यावर टाकले. वडील पडले, मनगटाला प्लॅस्टर आहे.

घोडे शिकवणारे एकजण येऊन गेले. ते म्हणतात, लाड झालेत, आठ दिवस माझ्याकडं द्या, काठीनं सरळ करतो. रंकाळ्यावर पोरांना घोड्यावरून फेऱ्या मारणारे एक म्हातारे काका आहेत, त्यांनी मात्र वेगळंच सांगितलं. "त्याला मारू नका. त्याला म्हातारी घोडी दाखवा. तिनं शिकवायचं ते राहून गेलंय."

परवाची एक गोष्ट बघितल्यापासून मला काकांचं म्हणणं डोक्यातून जाईना. एक पाहुणे घोडी घेऊन दारात आले होते. तेजा सुटला आणि थेट तिच्या अंगावर गेला. तिनं कान मागं टाकले, हा पुढंच. तिनं मान फिरवून दात दाखवले, हा पुढंच. तिनं पुठ्ठा, म्हणजे मागची बाजू, वळवला, पाय उचलून दाखवला, तरी हा पुढंच. मग लाथ बरगडीत बसली. तेजा जागेवर उभा राहून तिच्याकडं बघत राहिला. लागलं हे त्याला कळलं होतं, कशासाठी लागलं ते कळलं नव्हतं. मला तर त्याची दयाच आली.

तर प्रश्न असा, की कळपातली मोठी जनावरं खरंच शिकवतात का? आणि सव्वा वर्षाच्या वयाला उशीर झालाय का?

चौपाटीवरची_भेळ
वडिलांना लवकर बरं वाटू दे. घोड्यातलं मला काही कळत नाही, पण धागा वाचणार.

मेंढक्याचा_नातू
दादा, काकांचं म्हणणं सोळा आणे खरं.

आम्ही कागलकडचे धनगर. मी आता एमआयडीसीत आहे, पण आज्याचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, फिरता होता आणि शाळेला सुट्टी लागली की मी वाड्यावर. बिऱ्हाड घोड्यांवर. भांडी, घोंगडी, पाठीवर बांधलेल्या कोंबड्या, चालायला न येणारी कोकरं, कधीकधी माझ्यासारखी पोरंसुद्धा. शिंगरांना दावं नसायचं. आई ओझं घेऊन चालायची, शिंगरू मोकळं मागनं.

आमच्यात भुरी नावाची एक जुनी घोडी होती. तिच्यावर ओझं घालायचं आज्यानं बंद केलं होतं, तरी ती वाड्याबरोबर चालायची. सगळ्या शिंगरांची शाळा तिच्याकडं. मी तासन्तास बघत बसायचो. शिंगरू तिच्या वैरणीत तोंड घालायला आलं की पहिल्यांदा फक्त कान हलायचे. कळलं तर ठीक. नाही कळलं तर नाकपुडीजवळ सुरकुती पडायची. मग मान झटकायची. मग नुसतं अंग वळवून पुठ्ठा त्याच्याकडं. मग एक पाय किंचित उचलून ठेवायची. लाथ सगळ्यात शेवटी, आणि तीसुद्धा हलकी. लाथेच्या आधी तिनं पाच वेळा सांगितलेलं असायचं.

तुमच्या तेजाला पहिले पाच शब्द येतच नाहीत. त्याला डायरेक्ट सहावा ऐकू आला.

अजून एक. लहान शिंगरू मोठ्या घोडीजवळ जाताना मान लांब करून तोंडाची उघडझाप करतं, चूळ भरल्यासारखी. दात वाजतात, आवाज येतो. आजा म्हणायचा, ते नमस्कार घालतंय.

जोतिबाचा_गुलाल
>>पहिले पाच शब्द येतच नाहीत
भावा, काय लिहिलंयस! नाद खुळा.

पशुवैद्य_हातकणंगले
नातू यांनी सांगितलेला 'नमस्कार' शास्त्रालाही माहीत आहे. ओठ मागे ओढून जबडा वाजवण्याची ही सवय पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त दिसते आणि वयाबरोबर कमी होत जाते. 'मी लहान आहे, मला मारू नका' असा त्याचा अर्थ लावतात. त्यानं मोठ्या घोड्याचा राग दरवेळी थांबतोच असं मात्र निरीक्षणात दिसलेलं नाही, त्यामुळे नेमक्या अर्थावर अभ्यासकांत वाद आहे. आजोबांचा शब्द मला आवडला.

आता मूळ प्रश्न. मोकळ्या कळपात घोडी साधारण अकरा महिने गाभण असते आणि पुढचं शिंगरू जन्मायच्या थोडं आधी आधीच्याला पिणं तोडते. म्हणजे शिंगराला आईचं दूध आठ-दहा महिने मिळतं, आणि आई व कळप त्यानंतरही सुटत नाही. नर दोन-तीन वर्षांचा होऊन बाहेर पडेपर्यंत तो आई, मावश्या, भावंडं आणि एका मोठ्या घोड्याच्या सहवासात असतो. बाजारात येणारं शिंगरू चार महिन्यांचं. त्याचं दूध तुटतं, आई तुटते आणि शाळाही तुटते, सगळं एकाच दिवशी. तेजाचा दोष शून्य.

उशीर झालाय का? कमी झालाय. पण घाईनं घोडी आणून सोडू नका, त्याआधी दोन-तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. उद्या सविस्तर लिहितो, आत्ता एका म्हशीचं बाळंतपण अडलंय.

लगाम_आणि_रिकीब
मला वेगळं म्हणायचंय, आणि वीस वर्षं घोड्यांवर काढल्यामुळे ठामपणे म्हणतो. कळपात वाढलेली, घोड्यांशी उत्तम वागणारी, पण माणसाला तुडवणारी जनावरं मी पाहिली आहेत. म्हातारी घोडी तेजाला घोडीशी कसं वागायचं ते शिकवेल. माणसाच्या अंगावर जायचं नाही, हे माणसालाच शिकवावं लागणार. घोडी आणली की आपलं काम संपलं असं समजू नका. वडिलांचं मनगट आत्ता मोडलंय, पुढच्या वेळी डोकं असेल.

काठीचा मीही विरोधक आहे. पण 'निसर्ग बघून घेईल' यालाही.

स्टडफार्मचे_दिवस
लगाम यांचं निम्मं पटलं.

मी पुण्याजवळच्या एका स्टडफार्मवर सात वर्षं होतो. तिथं शर्यतीच्या घोड्यांची शिंगरं पाच-सहा महिन्यांची झाली की आईपासून तोडायचो. सगळ्या आया एका दिवशी काढल्या तर रात्रभर खिंकाळ्या, कुंपणावर धडका. म्हणून एकेक आई काढायची. आज एक, चार दिवसांनी दुसरी. बाकीच्या आया आणि शिंगरं जागेवरच. ज्याची आई गेली ते थोडा वेळ हाका मारतं, पण कळप ओळखीचा असतो म्हणून सावरतं. आणि सगळ्यात शेवटी त्यांच्यात एक जुनी, आता न विणारी घोडी ठेवायची. सगळे तिला आजी म्हणायचे.

एक वर्ष आमच्याकडं आजी नव्हती. सहा शिंगरं एकत्र, सगळी एका वयाची. त्या वर्षाइतक्या चाव्याच्या खुणा आणि लाथांची सूज मी कधी पाहिली नाही. सगळी खेळतच होती, पण खेळ कुठं थांबवायचा ते कुणालाच माहीत नव्हतं. उन्हाळ्यात एक सतरा वर्षांची घोडी आत सोडली. मारामारी करायला तिला फारशी गरजच पडली नाही. दोघं उधळायला लागले की ती चालत त्यांच्या मधून जायची. बस. पंधरा दिवसांत कुरण शांत.

निम्मं पटलं नाही ते यासाठी, की ज्या शिंगराला दुसऱ्याच्या अंगाची सीमा कळते त्याला माणसाची सीमा शिकवणं सोपं जातं. दोन्ही धडे वेगळे, पण मुळाक्षरं एकच.

गणिताच्या_बाई
अवांतर होईल, पण राहवत नाही. हे वाचून हत्ती आठवले.

दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्ग नावाचं अभयारण्य आहे. क्रुगरच्या जंगलात हत्तींची संख्या कमी करताना अनाथ झालेली पिल्लं तिथं नेऊन वाढवली होती. मोठा नर हत्ती बरोबर एकही नाही. १९९० नंतरच्या दशकात ती वयात आली तेव्हा तरुण नर वेळेआधीच माजावर येऊ लागले आणि त्यांनी चाळीसच्या वर गेंडे मारले. १९९८ साली क्रुगरमधून सहा प्रौढ नर आणून सोडले. तरुणांचा माज उतरला आणि गेंड्यांचे मृत्यू थांबले. त्या सहा हत्तींनी नुसतं तिथं असणं पुरेसं होतं.

माझ्या माहेरी शुक्रवार पेठेत एकत्र कुटुंब होतं, बावीस माणसं. आजीनं आम्हा नातवंडांवर कधी हात उचलला नाही. ती जपमाळ थांबवायची. मणी थांबला की आम्ही गप्प. परवा माझ्या वर्गात एक मुलगा दुसऱ्याला ढकलत होता, मी काही न बोलता हातातला खडू थांबवला, आणि तो थांबला. आजी आठवली.

जोतिबाचा_गुलाल
बाई, आमच्या घरी आजोबांचा अडकित्ता थांबायचा!

लाल_माती
बाईंच्या अवांतराला माझी भर.

मी बारा वर्षं तालमीत काढली, शिवाजी पेठेत. खासबाग कुस्ती मैदान १९१२ साली शाहू महाराजांनी बांधून घेतलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण मैदानातली कुस्ती हा शेवट. घडतं ते हौद्यात, म्हणजे तालमीतल्या मातीत, पहाटे. नवा पोरगा आला की आधी माती उकरायची, मोठ्यांना तेल लावायचं. मग एखादा जुना मल्ल त्याला जोर द्यायला बोलावतो. जोर देणं म्हणजे काय ते घोड्यांच्या धाग्यावर सांगतो, कारण मला तेच दिसतंय. शंभर किलोचा गडी साठ किलोच्या पोराबरोबर लढताना स्वतःची ताकद मापून सोडतो. पोरानं चांगला डाव टाकला तर पडूनसुद्धा दाखवतो. पोरानं आडदांडपणा केला, बोटं मुरगाळली, की एकदाच, एक सेकंद, पूर्ण वजन. पोराला आयुष्यभर पुरतं. आणि पुढच्या क्षणी परत जोर चालू. राग नाही.

माझ्या पहिल्या वर्षी माझ्याच वयाच्या पोराशी लढताना माझा खांदा निखळला. मोठ्या मल्लांकडून बारा वर्षांत एकदाही दुखापत झाली नाही. स्टडफार्मवाल्यांची सहा शिंगरं वाचून तोच खांदा आठवला.

पशुवैद्य_हातकणंगले
लाल माती, तुम्ही लिहिलंत ते कळपातल्या मोठ्या घोड्यालाही लागू आहे. पूर्ण ताकदीचा नर शिंगरांशी झटापट खेळतो तेव्हा स्वतःला आवरून खेळतो. आणि 'पुढच्या क्षणी परत चालू' हे सगळ्यात मोलाचं. घोडी रागावते ती जेमतेम क्षणभर. शिंगरू दोन पावलं मागं गेलं की तिचे कान पुन्हा सैल आणि तोंड गवतात. माणूस काठी उचलतो तोवर चूक होऊन गेलेली असते, आणि चूक थांबल्यावरही चार फटके चालू राहतात. घोड्याला त्यातून एवढंच कळतं, की हा प्राणी अधूनमधून विनाकारण पिसाळतो.

अभ्यासाचं म्हणाल तर फ्रान्समध्ये रेन इथल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न घेतला होता, २००८ साली निष्कर्ष छापले. एकाच वयाच्या तरुण घोड्यांच्या गटांत काही दिवस प्रौढ घोडे सोडले. तरुणांमधली भांडणं कमी झाली, मैत्रीचं वागणं वाढलं, ठरावीक सोबती धरून राहणं वाढलं. त्याच गटाचं अजून एक काम मला फार आवडतं. शिंगराच्या जन्मानंतर पहिले पाच दिवस त्यांनी रोज थोडा वेळ आईला हळुवार खरारा केला, म्हणजे अंगावर ब्रश फिरवला. शिंगराला हात लावला नाही. ती शिंगरं पुढं माणसाला कमी बुजली, वर्षभराची झाल्यावरसुद्धा. म्हणजे लगाम यांचा मुद्दा थोडा वेगळ्या बाजूनं बघा. माणसाशी कसं वागायचं याचा पहिला धडाही शिंगरू आईच्या चेहऱ्यावरून वाचतं.

आता कामाचं.

एक, तेजा खच्ची केलेला नसेल तर सव्वा वर्षाच्या वयात घोडी गाभण राहू शकते. खच्ची करून घ्या, थंडीत, माश्या कमी असताना, धनुर्वाताची लस देऊन. त्यानंतरही महिना-दीड महिना घोडीत सोडू नका.

दोन, येणाऱ्या घोडीचं रक्त ग्लँडर्ससाठी तपासून घ्या. हा रोग माणसालाही होतो, त्यावर तडजोड नाही. अहवाल आला तरी तीन आठवडे लांब, वेगळ्या बादलीत पाणी, वेगळा खरारा.

तीन, घोडी म्हातारी हवी एवढंच बघू नका. एकटी वाढलेली म्हातारी घोडीही असते, तिलाही भाषा येत नाही. शिंगरं वाढवलेली, कळपात राहिलेली बघा.

लगाम_आणि_रिकीब
आईला खरारा करण्याचा प्रयोग माहीत नव्हता. डॉक्टर, मान्य. माझा आग्रह एवढाच, की तेजाची आई आता हाताशी नाही, त्यामुळे माणसाचा धडा माणसाला द्यावा लागेल.

ऊसकरी, आजपासून तीन गोष्टी करा. हातातून गूळ बंद, जे द्यायचं ते घमेल्यात. पोरांची ढकलाढकली बंद. आणि तुमच्याभोवती एक हात जागा ठरवा. तो आत आला की दोरीनं त्याला मागं सारा, मागं गेला की लगेच दोरी सैल. त्या सैल सोडण्यातच सगळं शिक्षण आहे. दिवसातून दहा मिनिटं, रोज.

वारीची_वाट
थोडं अवांतर. माउलींच्या पालखीचे अश्व बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून येतात, आळंदीपर्यंत चालत. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसरा मोकळा, माउलींचा. लाखो माणसं, टाळ-मृदंग, आणि तो मोकळा अश्व रिंगणात कुणालाही धक्का न लावता धावतो. मी तीनदा रिंगण पाहिलंय, तिन्ही वेळा डोळे भरून आले. आता पुढच्या वेळी मी दोन्ही घोड्यांचे कान बघणार आहे. एकाचं बघून दुसरा शांत राहत असणार.

मेंढक्याचा_नातू
वारीची वाट, अगदी. आमच्या वाड्यात नवं शिंगरू पहिल्यांदा डांबरी रस्त्यावर आलं, मागनं ट्रक आला, की ते आधी ट्रककडं बघायचं नाही. भुरीकडं बघायचं. भुरी चालत राहिली की तेही चालायचं.

पशुवैद्य_हातकणंगले
डेन्मार्कमध्ये यावरही काम झालंय. ज्या आयांना अनोळखी वस्तूंची सवय करून दिली होती त्यांची शिंगरं अशा वस्तूंना कमी घाबरली. पण उलटंही खरं. बुजरी सोबतीण मिळाली तर बुजरेपणा शिकतील. म्हणून घोडी निवडताना तिला रस्त्यावरून चालवून बघा.

ऊसकरी_करवीर
तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू? वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. लाल माती यांचं वाचताना वडिलांनी दोनदा परत वाचायला लावलं, ते स्वतः तरुणपणी तालमीत होते.

तेजाला काठीवाल्याकडं पाठवणार नाही, हे ठरलं. रंकाळ्याच्या काकांशी बोलतो. त्यांची एक घोडी गुडघ्यामुळं फेऱ्यांतून काढायची आहे, म्हणत होते. सोडताना काय काळजी घ्यायची?

स्टडफार्मचे_दिवस
आधी आठवडाभर मध्ये कुंपण. नाकाला नाक लागेल, पण पाय अडकणार नाही असं. बांबू चालेल, तार नको. एकत्र सोडताना दोघांचे मागचे नाल काढलेले हवेत. जागा मोकळी हवी, कोपऱ्यात सापडलेल्याला पळता येत नाही आणि सगळे अपघात तिथं होतात. वैरणीचे ढीग दोन घोड्यांना तीन, लांब लांब. आणि पहिल्या दिवशी ती त्याला हाकलेल, तासन्तास हाकलेल, जवळ येऊ देणार नाही. तुम्हाला वाईट वाटेल. मध्ये पडू नका. रक्त निघत नाही आणि तो पळू शकतोय, तोवर तुम्ही कुंपणाबाहेर.

चौपाटीवरची_भेळ
मला काही कळत नाही म्हटलं होतं. आता मी रोज रंकाळ्यावर घोड्यांचे कान बघत उभी असते.

ऊसकरी_करवीर
(साडेतीन महिन्यांनी) गुरुवार, सकाळी ७.१५

धागा वर काढतोय. आज लिहायलाच हवं.

डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं तेजाला थंडीत खच्ची केलं. काकांची घोडी घेतली, अठरा वर्षांची, अबलख, आयुष्यात पाच शिंगरं झालेली. रक्त तपासलं, अहवाल चांगला आला. तीन आठवडे चुलत्यांच्या मळ्यात ठेवली, मग आठवडाभर बांबूच्या पलीकडं. मागच्या महिन्यात उसाची तोड झालेल्या रानात दोघांना सोडलं.

पहिला दिवस मला बघवला नाही. तेजा नेहमीसारखा छाती काढून गेला. तिनं कान टाकले, त्यानं मानलं नाही, आणि मग तिनं त्याला जे पळवलं, त्या गुडघ्यांत एवढा दम असेल असं वाटलं नव्हतं. चावली एकदाच, पुठ्ठ्यावर. मग तो बांधाच्या टोकाला एकटा उभा राहिला आणि ती चरत राहिली. तो चार पावलं आला की ती फक्त डोकं वर करायची. तो थांबायचा. संध्याकाळपर्यंत हेच. वडील प्लॅस्टर निघालेला हात चोळत बांधावर बसून होते, म्हणाले, "बघ, आता ती बोलतीया आणि तो ऐकतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी वैरण टाकायला गेलो. तेजा तिच्याकडं निघाला, पण सरळ नाही, वळसा घालून, मान खाली. चार हातांवर थांबला, मान लांब केली आणि तोंडाची उघडझाप सुरू केली. चट, चट, चट, दात वाजल्याचा आवाज. एवढा मोठा घोडा, आणि चूळ भरणाऱ्या पोरासारखं तोंड. नातू, तुमच्या आज्याचा नमस्कार. मी वैरणीचा भारा खाली ठेवला आणि तिथंच बसलो. ती हलली नाही. कान सैल. त्यानं तिच्याच ढिगातली एक काडी उचलली आणि तिनं उचलू दिली.

आता ती दोघं मानेच्या बुडाशी, आयाळ संपते तिथं एकमेकांना दातांनी खाजवत उभी असतात. एक थांबला की दुसराही थांबतो.

लगाम, तुमचंही बरोबर निघालं. घोडी आल्यावर माणसांशी तो आपोआप सुधारला नाही. चावणं सुरूच होतं. पण रोजची दहा मिनिटं, जी आधी दोन महिने डोंगराला धडक दिल्यासारखी वाटायची, ती आता लागू पडतात. मी दोरी उचलायच्या आधी नुसता खांदा वळवला तरी तो मागं सरतो. मला वाटतं तो आता माझ्यात कान शोधतो. आणि मीही शिकलो, की आधी हळू सांगायचं.

काल वडील पहिल्यांदा रानात आत गेले. तेजा चालत आला. मी धावलो होतो. तो वडिलांपासून दोन हातांवर थांबला, एक कान त्यांच्याकडं, एक घोडीकडं. वडिलांनी हात पुढं केला, मग तो आला.

गणिताच्या_बाई
डोळ्यांत पाणी आलं. वडिलांना नमस्कार सांगा.

लगाम_आणि_रिकीब
'माझ्यात कान शोधतो' हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार. एक चूक माझीही कबूल करतो. मी घोडीचा धडा आणि माणसाचा धडा अगदी वेगळे धरले होते. स्टडफार्मवाले मुळाक्षरं म्हणाले होते, ते बरोबर.

लाल_माती
वडिलांना तालमीचं नाव विचारा. कदाचित आम्ही एकाच हौद्यातले निघू.

पशुवैद्य_हातकणंगले
फार आनंद झाला. घोडी वैरणीचे गोळे करून तोंडातून टाकते का, ते बघा. अठराव्या वर्षी दाढा उंचसखल झालेल्या असतात, कडबा चावत नाही आणि घोडी आतून खंगते. तसं असेल तर दाढा घासून घ्याव्या लागतील. कडबा बारीक कुट्टी करून, चंदी (धान्याचा खुराक) भिजवून द्या.

ऊसकरी_करवीर
टाकते, डॉक्टर. दोन-तीन गोळे रोज सापडतात, मला वाटलं वैरण आवडत नाही. रविवारी तुम्ही इकडं येऊ शकाल का? तेजालाही जवळच बांधून ठेवतो, ती नजरेआड झाली की तो जेवण सोडतो.